मॉरिशस : बारा लाख माणसं, चार रकाने आणि १९७२ची जनगणना

नकाशावेडी

मॉरिशसबद्दल मराठीत वाचायला मिळतं ते बहुतेक किनाऱ्यांबद्दल. तिथं राहतं कोण आणि राज्य कसं चालतं, हे नीट मांडावं म्हणून हा धागा. मला हा देश फार जवळचा वाटतो, कारण इतक्या वेगवेगळ्या मुळांची माणसं इतक्या छोट्या जागेत मतपेटीच्या जोरावर एकत्र नांदताना क्वचितच दिसतात.

आधी माणसं. रॉड्रिग्ज आणि इतर बेटं धरून देशाचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. २०२२च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण १२ लाख ३५ हजार भरली. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सहाशेच्या वर, आफ्रिकेतल्या सर्वाधिक दाट देशांत गणना.

या बेटावर मूळचा रहिवासी असा कुणीच नव्हता. १६३८मध्ये डचांनी वस्ती केली, १७१०मध्ये ते सोडून गेले. १७१५मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. १८१०मध्ये इंग्रज आले. त्यांनी फ्रेंच जमीनदारांची भाषा, कायदे आणि धर्म तसेच राहू दिले, म्हणूनच आजही तिथला दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आणि न्यायालयाची रीत इंग्रजी आहे. १८३५मध्ये गुलामगिरी संपली, उसाच्या मळ्यांना हात हवे होते, आणि भारतातून करारावर मजूर यायला लागले. पुढच्या काही दशकांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून साडेचार लाखांच्या आसपास माणसं राजधानी पोर्ट लुईला उतरली. ज्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसास्थळ आहे. चिनी व्यापारीही याच काळात आले.

आता राज्य. १२ मार्च १९६८ला स्वातंत्र्य मिळालं. पण राष्ट्रप्रमुख इंग्लंडची राणीच राहिली, प्रजासत्ताक झालं ते १२ मार्च १९९२ला. राष्ट्रपती संसद निवडते आणि पद बरंचसं मानाचं; खरी सत्ता पंतप्रधानांकडे. सभागृह एकच, मुदत पाच वर्षं. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकातून ३ आमदार, आणि रॉड्रिग्जचे २, असे ६२ निवडून येतात. सैन्य नाही, पोलीस आहेत आणि त्यांच्यातच एक निमलष्करी दल आहे. शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये चालतं.

इथपर्यंत ब्रिटिश वसाहतीतून सुटलेल्या कुठल्याही देशासारखंच. वेगळेपण पुढं आहे. या ६२ जणांवर आणखी ८ जागा असतात आणि त्या हरलेल्या उमेदवारांना दिल्या जातात. त्याला 'बेस्ट लूझर' पद्धत म्हणतात. घटनेनं देशातल्या माणसांचे चार समाज मानलेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि 'सामान्य लोकसंख्या'. निवडणुकीत एखाद्या समाजाचे लोक फार कमी निवडून आले, तर या आठ जागांतून भर घालायची. आणि कुठला समाज किती मोठा, हे ठरवायचं १९७२च्या जनगणनेवरून, कारण त्यानंतर समाजाचा प्रश्न जनगणनेत विचारलेलाच नाही.

माझं मत आधीच सांगते. या पद्धतीनं देश तुटू दिला नाही आणि त्याबद्दल तिचा मान राखायलाच हवा. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर आजची संसद तोलणं आता थांबायला हवं.

रानवारा

छान सुरुवात. एक प्रश्न. 'सामान्य लोकसंख्या' म्हणजे नक्की कोण? आणि कोण कुठल्या समाजाचा हे ठरवतं कोण?

नकाशावेडी

@रानवारा, उरलेले सगळे. घटनेच्या पहिल्या परिशिष्टात म्हटलंय की राहणीवरून जो माणूस हिंदू, मुस्लिम किंवा चिनी समाजाचा वाटत नाही, तो सामान्य लोकसंख्येतला. त्यामुळं गुलामांचे वंशज असलेले क्रिओल आणि त्या गुलामांचे मालक असलेल्या फ्रेंच घराण्यांचे वंशज एकाच रकान्यात येतात. यावर क्रिओल कार्यकर्ते वर्षानुवर्षं बोलत आलेत, आणि त्यांचं बरोबर आहे. या रकान्यातून कुणीही निवडून आलं की कागदावर क्रिओलांचं प्रतिनिधित्व झालं असं धरलं जातं, मग तो साखर कारखानदार का असेना.

ठरवायचं उमेदवारानंच. अर्ज भरताना समाज लिहायचा. त्यावर कुणी हरकत घेतली तर सर्वोच्च न्यायालयातला न्यायाधीश निकाल देतो.

जुना खलाशी

कामानिमित्त काही वर्षं मॉरिशसमधल्या क्यूरपिप शहरात काढली आहेत, म्हणून थोडी भर घालतो.

मतदानाची एक गोष्ट तिथं गेल्यावरच कळली. मुख्य बेटावर प्रत्येक मतदारानं तीन उमेदवारांसमोर फुली मारायचीच. एक कमी झाली किंवा जास्त झाली तरी मत बाद. तुमच्या आवडीचा एकच उमेदवार असला तरी उरलेल्या दोन फुल्या कुणाला तरी द्याव्याच लागतात. याचा परिणाम असा की पक्ष एका मतदारसंघात तिन्ही उमेदवार एकाच समाजाचे सहसा देत नाहीत. गावोगाव हिशोब चाललेला असतो: अमक्या भागात एक क्रिओल हवा, तमक्या भागात एक मुसलमान हवा. युती करतानाही तेच. हे उघडपणे बोललं जातं, कुजबुजत नव्हे.

दुसरं, नोटा पाहा. २५ रुपयांवर चिनी समाजाचे आ-श्वेन, ५०वर फ्रेंच वंशाचे पातुरो, १००वर तमिळ सीनीवासेन, २००वर अब्दुल रझाक मोहमद, ५००वर सुकदेव बिसुनदयाल, १०००वर क्रिओल नेते गाएतान द्युवाल आणि २०००वर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. पाकिटातल्या नोटा पसरल्या की अख्खी लोकसंख्या समोर येते. १९९८मध्ये नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या आधी छापला गेला, तर तमिळ समाज रस्त्यावर उतरला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. तमिळ आधी, हिंदी नंतर, हा क्रम आजही पाळतात.

चौकस

माफ करा, पण मला हे पटत नाही. माणसानं अर्ज भरताना 'मी अमुक समाजाचा' असं लिहायचं, हीच मुळात चूक. ज्याला लिहायचं नसेल त्याचं काय? जो मिश्र कुटुंबातला आहे त्याचं काय? लोकशाहीत माणूस मोजायचा की जात-धर्म?

नकाशावेडी

@चौकस, हाच प्रश्न तिथल्या 'रेझिस्तांस एक आल्तरनातिव' या डाव्या पक्षानं घेतला आणि शेवटपर्यंत लावून धरला. २००५मध्ये त्यांच्या उमेदवारांनी समाज लिहायला नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेलं. मग ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले. २०१२मध्ये समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. अडचण नेमकी तीच दाखवली जी या धाग्याच्या शीर्षकात आहे: ताजे आकडे नसताना समाज जाहीर करायची सक्ती करणं हे मनमानी आहे. २०१४च्या निवडणुकीपुरती घटनादुरुस्ती करून समाज न लिहिण्याची मुभा मिळाली. पण ती तेवढ्यापुरतीच. २०१९मध्ये समाज न लिहिलेले अर्ज पुन्हा नामंजूर झाले.

श्रावणसर

चौकस यांचं तत्त्व मला मान्य आहे. पण ही पद्धत कुठल्या परिस्थितीत आली तेही बघायला हवं.

१९६०च्या दशकात स्वातंत्र्य जवळ येत होतं, तसतशी अल्पसंख्याकांत धास्ती वाढत होती. हिंदू निम्म्याहून अधिक. इंग्रज गेले की हेच कायमचे राज्य करतील अशी भीती. मुस्लिम नेत्यांनी आधी स्वतंत्र मतदारयादी मागितली होती. भारतात स्वतंत्र मतदारसंघांचं पुढं काय झालं हे रामगुलाम यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं, त्यामुळं त्यांना ती मागणी मान्य होणं शक्य नव्हतं. १९६६मध्ये निवडणूक पद्धत सुचवणारा बॅनवेल आयोग आला, त्याच्या शिफारशींवरून वाद पेटला, आणि ब्रिटिश मंत्री जॉन स्टोनहाउस यांनी पोर्ट लुईला येऊन मधला मार्ग काढला: मतदारयादी एकच, आणि वर आठ जागा. अब्दुल रझाक मोहमद या वाटाघाटींत मुस्लिमांच्या बाजूनं होते. २००च्या नोटेवरचे तेच.

१९६७ची निवडणूक म्हणजे जवळजवळ स्वातंत्र्यावरचं सार्वमत होतं. स्वातंत्र्यवाद्यांना साधारण ५६ टक्के, विरोधकांना ४४. म्हणजे दहापैकी चार-पाच माणसांना इंग्रजांपासून वेगळं व्हायचंच नव्हतं. जानेवारी १९६८मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम तरुणांच्या टोळ्यांत दंगली पेटल्या, माणसं मेली, कुटुंबं वस्त्या सोडून गेली, ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. त्यानंतर दोनच महिन्यांत झेंडा फडकला. अशा वेळी 'तुमचा माणूस संसदेत असेलच' ही हमी किती मोलाची असेल!

कावेरी

आठ जागांचं गणित कुणी सोपं करून सांगेल का? बऱ्याच ठिकाणी वाचलं, डोक्यात शिरलं नाही.

नकाशावेडी

@कावेरी, गणित अवघड नाही. १९७२चे आकडे असे: हिंदू ४,२८,१६७, सामान्य लोकसंख्या २,३६,८६७, मुस्लिम १,३७,०८१, चिनी २४,०८४. एकूण ८,२६,१९९.

प्रत्येक समाजाच्या आकड्याला 'त्यांच्या आत्ताच्या जागा अधिक एक' या संख्येनं भागायचं. ज्याचा भागाकार सर्वात मोठा, त्याला पुढची जागा. मग त्याच्या जागांत एक वाढवून पुन्हा भागायचं.

समजण्यासाठी मी मनानं एक निकाल घेते. समजा ६२ पैकी हिंदू ३६, सामान्य १८, मुस्लिम ७, चिनी १ निवडून आले. भागाकार येतात: हिंदू ११,५७२, सामान्य १२,४६७, मुस्लिम १७,१३५, चिनी १२,०४२. पहिली जागा मुस्लिम समाजाला. आता त्यांना ९नं भागायचं, १५,२३१, तरीही तेच पुढं. मग १०नं, १३,७०८, तिसरीही त्यांनाच. चौथ्या वेळी ११नं भागलं की १२,४६२ येतात, आणि सामान्य लोकसंख्येचे १२,४६७. पाचांच्या फरकानं चौथी जागा तिकडं जाते.

एक जागा कुणाला जाणार हे पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांतल्या पाचांच्या फरकावर ठरतं. तेव्हापासून लोकसंख्या चार लाखांनी वाढली, समाजांची प्रमाणं बदलली, आणि आपण कुठल्या रकान्यात बसतो हा प्रश्नच न पटणाऱ्यांची एक पिढी मोठी झाली. माझा आक्षेप आहे तो इथं.

जागा समाजाला ठरली की त्या समाजातल्या पडलेल्या उमेदवारांत ज्याची मतांची टक्केवारी सर्वात जास्त, तो आमदार होतो. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता देतात. पुढच्या चार देताना पक्षांचं बलाबल बिघडणार नाही याची काळजी घेतात. उमेदवार नोंदणीकृत पक्षाचाच लागतो. अपक्षाला यात जागा नाही.

कावेरी

आता कळलं. मनापासून आभार! पण मग १९७२नंतर मोजणी का थांबवली?

श्रावणसर

१९८२मध्ये सत्ता पालटली. पॉल बेरांझे यांचा एमएमएम (मॉरिशियन मिलिटंट मूव्हमेंट) हा पक्ष आणि मित्रपक्ष यांनी मुख्य बेटावरच्या ६०च्या ६० जागा जिंकल्या. खुद्द रामगुलाम त्यांच्या मतदारसंघात हरले. हा पक्ष वर्गाच्या राजकारणातून आलेला. 'आपण सगळे मॉरिशियन' हे त्यांचं म्हणणं मनापासूनचं होतं, म्हणून त्यांनी जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढून टाकला. हेतू उदात्त होता. पण आठ जागांची पद्धत काढली नाही, त्यामुळं तिला शेवटच्या आकड्यांवरच थांबणं भाग पडलं. जनगणनेत धर्म आणि घरातली भाषा मात्र विचारतात. २०११मध्ये हिंदू ४८.५ टक्के, कॅथलिक २६ टक्के, मुस्लिम १७ टक्के होते. पण हे आकडे त्या चार रकान्यांत जसेच्या तसे बसत नाहीत. चिनी समाजातले कित्येक जण कॅथलिक आहेत.

बेरांझे स्वतः २००३ ते २००५ पंतप्रधान होते. हिंदू नसलेला पंतप्रधान आजवर तोच एक.

रानवारा

म्हणजे बाकी सगळे हिंदूच? आणि फक्त ठरावीक घराण्यांतले?

जुना खलाशी

रामगुलाम पिता-पुत्र आणि जगन्नाथ पिता-पुत्र ही चार नावं आणि बेरांझे, एवढीच यादी आहे आजवर. १९६८पासून. तिथल्या तरुण सहकाऱ्यांशी बोलताना याबद्दलची नाराजी सतत कानावर यायची. पण दुसरी बाजूही सांगतो: सरकारं मतपेटीतून पडतात आणि हरलेला निमूट खुर्ची सोडतो. १९८२, १९९५, २०००, २००५, २०१४, २०२४, दर वेळी सत्ता शांतपणे बदलली. मतमोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत लोक ढोल घेऊन रस्त्यावर असतात.

घाटवळण

मला मराठी माणसांबद्दल जाणून घ्यायचंय. ती कुठल्या रकान्यात?

नकाशावेडी

हिंदू समाजात. तमिळ आणि तेलुगूही त्यातच. मुंबई बंदरातून गेलेले मजूर बरेचसे कोकणातले, आणि एकूण भारतीयांत ते फार थोडे. मोठा लोंढा बिहार आणि आताच्या पूर्व उत्तर प्रदेशातून कलकत्त्यामार्गे गेला, म्हणून भोजपुरीचं वजन. मराठी कुटुंबं जास्त करून पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर भागात आणि वाकोआ परिसरात आहेत. आठ जागांच्या हिशोबात मराठी असण्याला वेगळं वजन नाही. पक्ष उमेदवारी देताना ते धरतात, तेवढंच.

पण राज्यव्यवस्थेनं त्यांना दुसऱ्या वाटेनं ओळख दिलीय. सरकारी शाळांत मराठी ऐच्छिक विषय आहे, मराठी भाषकांच्या संस्थेला सरकारी मान्यता आहे आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

जुना खलाशी

ती सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, विसर्जनाची. २०२४ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, सुट्टी ८ला. गणपती नेताना झाकरी नाचतात, आपल्या कोकणातल्या जाखडीचंच ते रूप. गाणी मराठी, आणि गाणं संपल्यावर आपसांतलं बोलणं क्रिओल भाषेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

घाटवळण

वा! म्हणजे घरात मराठी बोलत नाहीत?

जुना खलाशी

फार थोडे. नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक घरात क्रिओलच बोलतात, मग मूळ कुठलंही असो. भोजपुरीही झपाट्यानं कमी होतेय. वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, सरकारी कागद इंग्रजीत. देशाची राजभाषा कुठली हे घटनेत लिहिलेलंच नाही. फक्त संसदेची भाषा इंग्रजी आणि सदस्याला फ्रेंचमध्येही बोलता येईल, असं एक कलम आहे. स्वातंत्र्याच्या वेळी लिहिलेल्या त्या कलमात क्रिओलचं नाव नव्हतं. प्राथमिक शाळेत क्रिओल हा विषय म्हणून आला तो २०१२मध्ये.

चौकस

लोकसंख्येचा दुसरा भाग राहिला. वाढीचं काय? इतकी दाटी आहे म्हणता.

श्रावणसर

हा मला सगळ्यात थक्क करणारा भाग वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हिवताप आटोक्यात आला आणि लोकसंख्या भराभर वाढली. १९६०च्या सुमारास एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं. टिटमस आणि मीड या दोन इंग्रज तज्ज्ञांचे अहवाल आले. दोघांचाही सूर काळजीचा, मीड यांना तर फारशी आशाच नव्हती. ऊस एके ऊस, जमीन संपलेली, माणसं वाढताहेत. मग कुटुंबनियोजनाचं काम सुरू झालं, कॅथलिक संघटनांनीही त्यांच्या पद्धतीनं हातभार लावला, मुली शिकल्या, १९७७पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं, कापड कारखान्यांत बायकांना काम मिळालं. कुठलीही सक्ती न करता जननदर खाली आला. आज तो दीडच्याही खाली आहे.

आता प्रश्न उलटा झालाय. म्हातारी माणसं वाढली. तिथं २०२५पर्यंत साठीनंतर प्रत्येकाला सरकारी निवृत्तिवेतन मिळायचं, श्रीमंत-गरीब न पाहता. २०२५च्या अर्थसंकल्पात हे वय टप्प्याटप्प्यानं ६५ करायचं जाहीर झालं आणि लोक रस्त्यावर उतरले.

रानवारा

रॉड्रिग्ज आणि चागोसबद्दलही थोडं लिहा ना.

नकाशावेडी

रॉड्रिग्ज मुख्य बेटापासून साधारण ५६० किलोमीटर पूर्वेला. वस्ती चाळीस हजारांच्या थोडी वर, जवळजवळ सगळे क्रिओल आणि कॅथलिक. १९६७मध्ये तिथल्या लोकांनी एकजात स्वातंत्र्याविरुद्ध मत दिलं होतं. २००२पासून त्यांची स्वतःची प्रादेशिक सभा आहे.

चागोस बेटं इंग्रजांनी १९६५मध्ये, स्वातंत्र्याच्या आधीच, ३० लाख पौंड देऊन तोडून घेतली आणि तिथल्या माणसांना उचलून मॉरिशस व सेशेल्सला आणून टाकलं. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकी तळ झाला. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ही तोडणी बेकायदा असल्याचं मत दिलं आणि २२ मे २०२५ला ब्रिटननं सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सही केली. त्या माणसांचं विस्थापन हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे. दोन ओळींत उरकणं मला बरं वाटत नाही.

चौकस

शेवटचा प्रश्न. बेस्ट लूझर काढून टाकली तर त्या जागी काय?

नकाशावेडी

सरळ काढून टाकली तर वाईट होईल. २०१९मध्ये ३७-३८ टक्के मतांवर प्रविंद जगन्नाथांच्या आघाडीनं ६२ पैकी ३८ जागा घेतल्या. २०२४मध्ये नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीला सुमारे ६१ टक्के मतं आणि मुख्य बेटावरच्या ६०च्या ६० जागा. मावळत्या सत्ताधारी आघाडीला दोन जागा मिळाल्या त्या याच पद्धतीतून. ती नसती तर त्यांना मत देणाऱ्या लाखांवर मतदारांसाठी बोलणारं कुणीच सभागृहात नसतं.

म्हणून माझा कल मतांच्या प्रमाणात जागा देण्याकडे. २००२मध्ये दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश आल्बी साक्स यांच्या आयोगानं जवळपास तेच सुचवलं होतं: ६२च्या जोडीला पक्षांच्या याद्यांतून आणखी जागा. पक्षांनी यादीत सगळ्या समाजांची आणि बायकांची नावं घ्यावीत, मतदारांनी ती आधीच पाहावीत. रॉड्रिग्जच्या सभेत थेट जागांच्या जोडीला अशा प्रमाणातल्या जागा आहेतच, म्हणजे देशाला ही रीत परकी नाही. घटनेतल्या या तरतुदी बदलायला तीन-चतुर्थांश बहुमत लागतं. २०२४मध्ये एका आघाडीला त्याहून जास्त जागा मिळाल्या, आणि निवडणूक सुधारणेचं आश्वासन त्यांनीच दिलंय.

श्रावणसर

सहमत, एका अटीवर. पोर्ट लुईच्या तिसऱ्या मतदारसंघात वीस हजारांच्या थोडे वर मतदार आहेत आणि सावान-ब्लॅक रिव्हरच्या चौदाव्यात साठ हजारांच्या आसपास, आणि दोन्हीकडून तीन-तीनच आमदार जातात. पहिला मुस्लिमबहुल, दुसऱ्यात नकाशावेडी म्हणतात ती मराठी कुटुंबंही आली. याद्या आणताना या सीमांनाही हात घालावा लागेल, आणि तिथं खरी ओढाताण होईल.